बायबलमधल्या बाईवर कादंबरी : लिहायची कशी आणि काढायची कशी

रूथ आणि एस्तेर यांना आधी बाजूला ठेवा. दोघी छानच आहेत, प्रश्न तो नाहीये, पण दोघींच्या नावाने बायबलमध्ये अख्खी पुस्तकं आहेत, रूथचे ४ अध्याय, एस्तेरचे १०, कथानक आयतं मिळतं म्हणून नवीन लिहिणारा जो तो तिथेच जातो आणि मग संडे स्कूलमध्ये ऐकलेलीच गोष्ट अडीचशे पानांत ताणून सांगतो. वाचणाऱ्याला कळतं हो, की इथे पाणी घातलंय.

कादंबरीला मोकळी जागा लागते. त्यामुळे अशी बाई शोधा जिच्यावर बायबलने थोडकंच लिहिलंय पण जे लिहिलंय ते जबरदस्त आहे. हागार घ्या, मिसरी दासी, मालकिणीच्या जाचाने गरोदरपणी रानात पळून गेलेली. याएल घ्या, जिने शत्रूच्या सेनापतीला दूध पाजून झोपवला आणि तंबूची मेख कानशिलात ठोकली. इफ्ताहची मुलगी, बापाच्या नवसापायी गेलेली, तिचं तर नावसुद्धा दिलेलं नाही. येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या बायकोला एकच वचन आहे, मत्तय २७:१९ (म्हणजे मत्तयाच्या पुस्तकाचा २७वा अध्याय, १९वं वचन), तिला स्वप्न पडलं आणि तिने नवऱ्याला निरोप पाठवला, बास. त्या एका वचनावर पुस्तक होऊ शकतं, पण पहिल्याच खेपेला नका करू, हाताशी काहीच नसतं.

माझं विचाराल तर मीखल. इस्राएलाचा पहिला राजा शौल, त्याची धाकटी मुलगी, आणि पुढे राजा झालेल्या दावीदाची पहिली बायको. तिचं दावीदावर प्रेम होतं असं १ शमुवेल १८ मध्ये साफ लिहिलंय. दावीदाचं तिच्यावर होतं असं कुठेच लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. शौलाने हुंडा काय मागितला तर शंभर पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूंच्या, अग्रत्वचा, दावीद दोनशे घेऊन आला. मग बाप जावयाच्या जिवावर उठला तेव्हा हिने त्याला खिडकीतून खाली सोडलं, पलंगावर घरातली मूर्ती निजवली, उशाला बकऱ्याच्या केसांचं काहीतरी ठेवलं, वर पांघरूण घातलं आणि शिपायांना सांगितलं की ते आजारी आहेत. नवरा गेला तो गेलाच. बापाने तिचं दुसरं लग्न लावून दिलं, पालती नावाच्या माणसाशी. वर्षं गेली, दावीद हेब्रोनात राजा झाला, तोवर त्याला तिथे सहा बायकांपासून सहा मुलगे झालेले, आणि आता राजकारणाचा भाग म्हणून तो म्हणतो माझी मीखल परत करा. तिला घेऊन निघाले तर तिचा दुसरा नवरा बहूरीम गावापर्यंत मागे रडत रडत चालत गेला. शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर म्हणाला, जा परत. तो परत गेला. पुढे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, यरुशलेमेत आणताना दावीद नाचला ते तिने खिडकीतून पाहिलं, परत खिडकी बरं का, आणि मग दोघांचं ते कडाक्याचं भांडण, आणि शेवटी एक ओळ की तिला मरेपर्यंत मूल झालं नाही.

आता बघा, बहूरीमच्या रस्त्यावर मीखल काय बोलली? एक अक्षर नाही. पालती चांगला होता का, तिला परत जायचं होतं का, रस्ताभर तिने मागे वळून पाहिलं का, काही नाही. तुमची कादंबरी तिथे आहे. तोच रस्ता मधोमध ठेवा आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला रचा, जन्मापासून सुरू करून ओळीने मरणापर्यंत जायची काहीएक गरज नाही.

लिहायला बसायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की हवी, की हे पुस्तक दोन वाचकांच्या हातात जाणार आहे. एक चर्चमधला, ज्याला सगळं पाठ आहे. दुसरा सदाशिव पेठेतला किंवा कोथरूडचा, महाभारतावरच्या कादंबऱ्या वाचून मोठा झालेला, ज्याला मीखल हे बाईचं नाव आहे की बुवाचं हेसुद्धा माहीत नाही. कर्णावरची कादंबरी वाचताना शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, चाक रुतणार आहे हे माहीत असूनच आपण वाचतो. इथे ह्या दुसऱ्या वाचकाला पुढे काय होणार ह्याचा पत्ताच नाहीये! एवढं मोठं घबाड आपल्या हातात असताना लोक काय करतात तर प्रस्तावनेत अख्खी गोष्ट सांगून टाकतात, मलपृष्ठावर परत सांगतात. नका सांगू. आणि पहिल्या वाचकाला धरून ठेवायचं ते बायबल जिथे गप्प बसलंय त्या जागांवर, कारण तिथे काय येणार हे त्यालाही माहीत नसतं.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेवा. वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे बायबलमध्ये जे लिहिलंय ते वचनाच्या आकड्यासकट, उजवीकडे तुमच्या मनातलं. डावीकडच्याला हात लावायचा नाही. पालती रडत गेला म्हणजे रडतच गेला, त्याला तलवार उपसायला लावू नका, चर्चवाला वाचक तिथेच पुस्तक मिटेल आणि त्याचं बरोबर असेल. उजवीकडे मात्र कुणाच्या बापाला घाबरू नका. कधी कधी डावा रकानाच गोंधळलेला असतो. २ शमुवेल २१:८ मध्ये बऱ्याच हिब्रू प्रतींत मीखलचे पाच मुलगे असं आहे आणि काही प्रतींत तिच्या मोठ्या बहिणीचं, मेरबचं नाव आहे, आणि आधी तर लिहिलंय की मीखलला मूल नव्हतं. इथे तुम्हाला ठरवावं लागतं. बहिणीची मुलं हिने वाढवली असं धरणारेही आहेत, आणि ते धरलंत तर पुढे त्या पाचही मुलांना फाशी जाताना बघणारी मीखल तुम्हाला लिहावी लागेल. जमणार असेल तरच धरा.

येशूची शिष्या मग्दालिया मरीया घेणार असाल तर जास्तच जपून. ती वेश्या होती असं शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत, कुठेही नाही. लूक ८ मध्ये एवढंच आहे की तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि योहान्ना, सुसान्ना वगैरे बायकांबरोबर ती येशूच्या मंडळींचा खर्च चालवत होती. वेश्येचं ते सगळं पोप ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एकीत कालवल्या तिथून पसरलं. अजूनही लोक तेच लिहितात, आणि नाट्यमय म्हणून लिहितात हे त्याहून वाईट. योहान्ना घ्या ना त्यापेक्षा, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको, घरात राजवाड्याचा पगार येतोय आणि ही त्यातून येशूला पोसतेय, त्या घरात रात्री काय बोलणं होत असेल?

वाचायचं काय? मराठी बायबल एकाच भाषांतरात वाचून भागत नाही. बायबल सोसायटीचं तर घरोघरी असतं, त्याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचं ठेवा. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने अख्खं भाषांतर केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून आलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. साध्या बायकांना कळावं म्हणून जडजंबाल संस्कृत शब्द त्यांनी मुद्दाम टाळले, त्यामुळे कादंबरीवाल्याला ते फार उपयोगाचं आहे. कॅथलिक बायबलमध्ये ज्युडिथ आणि सुसान्ना (ही वरची नव्हे, वेगळी) यांच्या गोष्टी जास्तीच्या आहेत, प्रोटेस्टंटांच्यात त्या नसतात, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं.

पुण्यात राहण्याचा फायदा घ्या. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, दोन्हीकडे बायबलच्या अभ्यासाची ग्रंथालयं आहेत, बाहेरच्यांना बसू देतात का ते आधी फोन करून विचारा, तोंड वर करून जाऊ नका. आणि एक गोष्ट जी कुणी करत नाही, बेने इस्राएल मंडळींशी बोला. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहावरून, आपण हजारदा जातो, कॅम्पातलं लाल देऊळ हेही सिनेगॉगच, १८६७ चं. बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ह्याच गोष्टी त्यांच्या घरात त्यांच्या बाजूने सांगितल्या जातात, एस्तेरच्या पुरीम सणाला त्यांच्यात होळीचा सण म्हणायची पद्धत होती. दावीदाची दुसरी एक बायको अबीगईल कशी बोलली असेल हे आपण इंग्रजी पुस्तकांत शोधतो आणि मराठी ज्यू आजी दोन गल्ल्या सोडून राहते. ओळख काढून, वेळ मागून जा, सिनेगॉगला सिक्युरिटी असते.

आता हवापाणी. इथे मराठी लेखक हमखास पकडला जातो, कारण आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. तिकडे उलटं. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस हिवाळ्यात, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, शेवटचा मार्च-एप्रिलच्या, आणि सातूची कापणी एप्रिलात. म्हणजे नायिका जुलैच्या रात्री खिडकीशी बसून पाऊस बघतेय असं लिहिलंत की संपलं. दिवस संध्याकाळी सूर्य मावळला की सुरू होतो, सकाळी नाही. दावीदाच्या काळात, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास, नाणी नाहीत, चांदी तोलून देतात, एक शेकेल म्हणजे अंदाजे ११ ग्रॅम. ताटात सातूची भाकरी, मसूर, अंजीर, खजूर, ऑलिव्हचं तेल, डाळिंब. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका ह्यातलं काही नाही. आणि जातं! पहाटे जात्यावर बसलेली बाई आणि ओवी हे आपल्याला इतकं जवळचं की हात आपोआप तिकडे जातो, पण गोल फिरणारं जातं तिकडे नंतर कित्येक शतकांनी आलं, मीखलच्या घरातली दासी गुडघ्यावर बसून पाट्यासारख्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे रेटत दळत असणार. खांदे आणि गुडघे भरून येतात त्याने. तो फरक लिहा, वाचकाला न सांगता कळतं की हिने अभ्यास केलाय.

भाषेवर जरा जास्त बोलते कारण निम्मी हस्तलिखितं तिथेच पडतात. दोन खड्डे आहेत. एक चर्चच्या व्यासपीठाची मराठी, "तेव्हा असे झाले की", "पाहा, मी तुम्हांस सांगते". दुसरा पौराणिक सिरियलची, "पिताश्री, आज्ञा असावी". दोन्ही नकोत. तुमच्या घरात बोलतात तशी स्वच्छ मराठी वापरा, फक्त आजचे इंग्रजी शब्द काढून टाका. आणि मराठीत जे फुकट मिळतं ते वापरा ना, तू-तुम्ही-आपण. मीखल राजाची पोर आणि दावीद मेंढरं राखणारा, त्यामुळे सुरुवातीला ती त्याला अरे-तुरे करणार, आणि तो तिला लग्नानंतरसुद्धा चुकून "आपण" म्हणून जाणार. पालतीच्या घरात दोघं एकमेकांना तू. परत आणल्यावर दावीद राजा, आता ती "आपण" म्हणणार, आणि नाचावरून भांडण होतं तेव्हा तिचं ते वाक्य, की इस्राएलाच्या राजाने आज काय मान मिळवला, हे अगदी आदरार्थी बोलून मारलेला टोमणा आहे. ते भांडण लिहिताना एका वाक्यात मध्येच "तू" येऊ द्या. बघा काय होतं ते.

नावं मराठी बायबलमधलीच ठेवा, दावीद, शौल, योनाथान. डेव्हिड नको, तो कॅम्पात राहतो. पहिल्या पानावर छोटी वंशावळ द्या आणि पहिल्या प्रकरणात चारपेक्षा जास्त नावं आणू नका.

झालं लिहून की दोन जणांना वाचायला द्या, एक बायबलचा जाणकार, एक बायबल कधी न उघडलेला. जाणकाराकडून फक्त चुका काढून घ्यायच्या, परवानगी मागायची नाही. पाळक किंवा फादर ओळखीचे असतील तर उत्तम, पण "हे छापू का" असं विचारलंत तर ते बिचारे अडचणीत येतात आणि तुम्हीपण. शेवटी दोन पानांचं टिपण जोडा की काय बायबलमधलं आणि काय माझं. निम्मी कुरबुर तिथेच थांबते. राहिलेली निम्मी होऊ द्या.

आता छापणं. प्रकाशकाला पाठवताना सारांश एक पान, पहिली तीन प्रकरणं, थोडकी स्वतःची माहिती, सगळं युनिकोडमध्ये. पत्रात "ख्रिस्ती साहित्य" असं लिहू नका, "पौराणिक-ऐतिहासिक कादंबरी" लिहा, खोटंही नाहीये ते. कुणी म्हणालंच की आपल्याकडे असल्या विषयाला परंपरा नाही, तर मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती यमुनापर्यटन, १८५७ सालची, बाबा पदमनजींनी लिहिली, ख्रिस्ती माणसाने, आणि विषय काय तर विधवांचे हाल. तोंडावर सांगा.

कादंबरीच्या आधी एक प्रकरण दिवाळी अंकाला पाठवून बघा, पण जून-जुलैतच, गणपती येईपर्यंत बहुतेकांचे अंक भरलेले असतात. प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं निवडा, खिडकीतून दावीदाला सोडण्याचं चालेल.

करार नीट वाचा. कॉपीराइट तुमच्या नावावर, रॉयल्टी छापील किमतीवर किती टक्के (साधारण दहाच्या आसपास असते), किती प्रतींची आवृत्ती, आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर ह्यांचे हक्क वेगवेगळे लिहिलेले हवेत. आपल्या कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे तुमच्या नातवंडांच्या कामाची गोष्ट आहे, सही करताना घाई कशाला? जो प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागतो आणि वर हक्कही स्वतःकडे ठेवतो त्याला लांबून नमस्कार. बायबलची वचनं जशीच्या तशी भरपूर घेणार असाल तर बायबल सोसायटीच्या भाषांतराला परवानगी लागेल, रमाबाईंचं आता हक्कमुक्त आहे, तिथून घ्या. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना असते, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

स्वतः काढायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. डेमी साइज, सोळा पानांचा एक फॉर्म, त्यामुळे पानं सोळाच्या पटीत बसवा नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. डीटीपीवाला अजूनही पुष्कळदा श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टपद्धतीत काम करतो, तुमचं युनिकोड त्यात बदलताना "ऱ्या" आणि "ॲ" मोडतात, ते शब्द वेगळे शोधून बघा, नुसतं वाचत गेलात तर डोळा फसतो. मुद्रितशोधनाला देताना सगळ्या नावांची यादी सोबत द्या, नाहीतर ते प्रामाणिकपणे मीखलचं मिखल, दावीदाचं दाविद आणि पालतीचं पालथी करून ठेवतात. सुरुवातीला दोन-तीनशे प्रतीच काढा, लागल्या तर परत, डिजिटल छपाईत ते जमतं, हजार काढून पलंगाखाली ठेवायचे दिवस गेले. किंडलवर मराठी ई-बुक स्वतःचं स्वतः टाकता येतं. छापल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, पाठवा, तुमचं पुस्तक तिथे कायमचं राहतं.

विक्रीत परत तेच दोन वाचक. चर्चवाल्यांसाठी रविवारच्या उपासनेनंतर बाहेर टेबल, आधी कमिटीला विचारून. डिसेंबरात लोक नाताळच्या भेटीसाठी घेतात, पण मला मार्च जास्त भावतो, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, त्या दिवशी उपासना बायकाच चालवतात, पंधरा मिनिटं मागून एक प्रकरण वाचून दाखवा. दुसऱ्या वाचकासाठी वाचनालयं, भिशीचे ग्रुप, आणि डिसेंबरात फर्ग्युसनला पुणे पुस्तक महोत्सव भरतो तो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत प्रती ठेवायला स्वतः जा, आणि ठेवून आल्यावर आठवड्याने परत चक्कर मारा, कारण मुखपृष्ठावर खजुराचं झाड दिसलं की पोरगा पुस्तक सरळ धार्मिकच्या कप्प्यात घालतो, स्तोत्रं आणि व्रतकथांच्या शेजारी. तिथे ते कुणी बघत नाही. भांडू नका, त्याला कादंबऱ्यांच्या कप्प्यात, पौराणिकवाल्यांच्या रांगेत ठेवायला सांगा, आणि एक प्रत त्यालाच वाचायला द्या.